जमा-खर्चाचं शेवटचं पान

(मंडळाच्या गणेशोत्सवात कार्यकारिणीच्या वतीनं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या स्मरणिकेचं शेवटचं पान किती जण वाचतात, असा प्रश्न आज आम्ही स्वतःलाच विचारणार आहोत. पहिल्या पानावर श्रींचा फोटो, मग शुभेच्छा, जाहिराती, मुलांच्या कविता, कुणाची तरी कायगावची आठवण, बिनकांद्याच्या भाज्या, आणि अगदी शेवटी बारीक टायपात गेल्या वर्षीचा जमा-खर्च. वर्गणी अमुक, मंडप तमुक, भटजींची दक्षिणा, प्रसाद, रोषणाई, शिल्लक. खाली खजिनदारांची सही. ते पान आम्ही छापतो, तुम्ही उलटता, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की आपलं काम झालं.

यंदा जूनमधल्या सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदानं ते पान हातात धरून उभं राहून विचारलं, "काका, सभागृहाच्या दुरुस्तीसाठी पावती-पुस्तकं किती छापली आणि किती परत आली?" बस्स, एवढंच. आवाज चढला नव्हता, आरोप तर नव्हताच. पण सभेत एकदम शांतता पसरली आणि आम्ही, म्हणजे कार्यकारिणीतली आम्ही चार-पाच जुनी मंडळी, एकदम बोललो. कुणी म्हणालं, "बाळ, घरच्या माणसाला हिशेब विचारायचा नसतो." कुणी म्हणालं, "बावीस वर्षं खजिनदारी करताहेत ते, तुझ्या जन्माआधीपासून." तो मुलगा बसला. पुढचा विषय घेतला. चहा झाला. आपण एका सज्जन माणसाची बाजू राखली अशा समाधानात आम्ही घरी गेलो.

रात्री साडेनवाला खजिनदारांचा फोन आला. ते म्हणाले, "तुम्ही त्याला का बसवलंत? उत्तर माझ्या पिशवीत होतं. आता लोकांना वाटणार, नव्हतं."

त्या फोनमुळे हा विषय आजच्या व्याख्यानाला घेतला. देशाच्या खर्चाचा हिशेब संसदेत कसा विचारला जातो, मंत्र्यांच्या वागण्याची विचारणा कशी होते, आणि त्यात आपल्या या हैदराबादच्या मराठी माणसांचा काय वाटा होता, हे आम्ही जमेल तसं मांडणार आहोत. आम्ही काही घटनातज्ज्ञ नव्हे. आमच्यातल्या दोघांची नोकरी सैफाबादच्या एजी ऑफिसात गेली, त्यामुळे व्हाउचर बघितलं की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो, एवढीच पात्रता.

सुरुवात घरापासून करू. काशिनाथराव वैद्य हे नाव आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना ठाऊक असेल. मुलांना बहुधा नसेल. हैदराबादचे वकील, इथल्या राजकीय चळवळीतले मोठे कार्यकर्ते, आणि पुढे १९५२ साली हैदराबाद राज्याची पहिली निवडून आलेली विधानसभा भरली तेव्हा तिचे सभापती. पण त्याच्या आधी, १९५०-५२ च्या हंगामी संसदेत ते हैदराबादकडून सभासद होते, आणि तिथे त्यांच्या वाट्याला एक अवघड काम आलं.

एच. जी. मुद्गल नावाचे मुंबईचे एक सभासद होते. काँग्रेसचेच. मुंबईच्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, म्हणजे बुलियन असोसिएशनकडून, आर्थिक फायदा घेऊन त्यांच्या अडचणींविषयी संसदेत प्रश्न विचारायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, मंत्र्यांकडे खटपट करायची, असा त्यांच्यावर आक्षेप आला. आता बघा, संसद हंगामी, प्रजासत्ताक दीड वर्षाचं. अशा वेळी पक्षाच्या नेत्यानं काय करावं? सभासदाला खोलीत बोलवावं, राजीनामा लिहून घ्यावा, प्रकृतीचं कारण द्यावं, आणि गवगवा टाळावा. घरातली गोष्ट घरात. आम्ही जूनच्या सभेत केलं तेच.

तसं झालं नाही. ८ जून १९५१ रोजी चौकशी समितीचा ठराव स्वतः पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी मांडला, आपल्याच पक्षाच्या सभासदाविरुद्ध. समितीत पाच जण होते. अध्यक्ष टी. टी. कृष्णमाचारी, त्यांच्यासोबत प्राध्यापक के. टी. शहा, सय्यद नौशेर अली, जी. दुर्गाबाई आणि आपले काशिनाथराव वैद्य. या पाचांतली दोन नावं हैदराबादशी कायमची जोडली गेली. एक काशिनाथराव. दुसऱ्या दुर्गाबाई, त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

समितीनं साक्षीपुरावे तपासले, मुद्गलांना त्यांची बाजू मांडू दिली, आणि निष्कर्ष दिला की हे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारं आहे. २४ आणि २५ सप्टेंबरला सभागृहात चर्चा झाली. मुद्गल बोलले, आणि ठराव मंजूर व्हायच्या आत राजीनामा देऊन मोकळे झाले. इथेही विषय मिटवता आला असता. गेला माणूस, संपला प्रश्न. पण सभागृहानं ठराव केलाच, की हा सभासद हकालपट्टीलाच पात्र होता, आणि राजीनाम्याच्या पत्रातली भाषा हा आणखी एक अपराध आहे. म्हणजे जाणाऱ्याच्या मागेही नोंद राहिली. पुढे २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना काढलं, तेव्हा ही चोपन्न वर्षांपूर्वीची नोंद पुन्हा बाहेर काढली गेली. ज्यांचं दप्तर नीट, त्यांना जुनी पावती सापडते.

तेव्हा सभागृहाच्या खुर्चीवर कोण होतं? गणेश वासुदेव मावळंकर. दादासाहेब. आम्हाला त्यांच्याविषयी जरा जास्त आपुलकी आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. घराणं रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा, वकिली आणि सगळं सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत. घरात मराठी, बाहेर गुजराती. आपल्या घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि भांडायला दख्खनी, तसलाच प्रकार. परमुलखात राहून तिथलंच होणं म्हणजे काय, हे अशा माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. अहमदाबाद नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते, मुंबई विधानसभेचे सभापती होते. नंतर दिल्लीत १९५२ ला पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये वारले, ते त्याच पदावर असताना.

मावळंकरांच्या काळात हिशेब विचारण्याची हत्यारं घडली. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण ऐकून घ्या, कारण इथेच सगळी गंमत आहे.

सरकारचा खर्च झाल्यावर तो तपासणारी लोकलेखा समिती इंग्रजांच्या काळातही होती, १९२१ पासून. पण तिचा अध्यक्ष कोण असे? खुद्द अर्थखात्याचा सदस्य. कचेरीही अर्थखात्याचीच. म्हणजे खजिनदारच हिशेब तपासनीस, आणि तपासणीची खोली त्याच्याच घरात. १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर ही समिती सभागृहाच्या अध्यक्षाच्या अखत्यारीत आली आणि मंत्र्याला तिचा सभासद होता येईना. पुढे १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा पडली. पहिले मान मिळालेले मिनू मसानी. आज तीत लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सभासद असतात. महालेखापरीक्षकाचा अहवाल आला की तो या समितीपुढे जातो, आणि ती खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारते: पैसा कशासाठी मागितला होता, कशावर गेला, आणि उरला तर का उरला. खर्च जास्त झाला तर विचारतात हे सगळ्यांना कळतं. पैसा न वापरता परत गेला, तरी विचारतात. दवाखान्यासाठी मंजूर झालेला पैसा मार्चअखेर तसाच राहिला, तर कुणाचा तरी दवाखाना झालेला नसतो.

त्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, अंदाज समिती आली. खर्च झाल्यावर नव्हे, तर मागणीचा अंदाज बांधतानाच काटकसर कुठे होईल ते पाहणारी. आणि १९५३ च्या डिसेंबरात आली ती आमची सर्वांत आवडती समिती, सरकारी आश्वासनांची. मंत्री सभागृहात उठून सांगतात, "विषय विचाराधीन आहे", "माहिती घेऊन सभागृहापुढे ठेवू", "मी यात लक्ष घालतो". आपल्याकडे त्याला "बघू की" म्हणतात. मुलीकडच्यांना "बघू की" म्हणावं, तसंच. तर अशा वाक्प्रचारांची चक्क यादी केलेली आहे. यादीतलं वाक्य मंत्र्याच्या तोंडून बाहेर पडलं की ते आश्वासन म्हणून वहीत चढतं, आणि साधारण तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं. नाही झालं तर समिती विचारते, का नाही झालं. "बघू की" या शब्दांना मुदत लावणारी ही कल्पना आम्हाला फार थोर वाटते. कार्यकारिणीच्या सभेत ती लागू केली तर आमच्यातले निम्मे राजीनामा देतील.

हत्यारं असली म्हणजे ती चालतातच असं नाही. १९४८ साली लंडनहून लष्करासाठी जीपगाड्यांचा सौदा झाला. आगाऊ पैसे गेले, आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याही वापरण्याजोग्या नाहीत. लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले, चौकशी मागितली. समितीनं पुन्हापुन्हा विषय काढला, आणि शेवटी १९५५ मध्ये सरकारनं सांगून टाकलं की आमच्या दृष्टीनं हे प्रकरण संपलं. तेव्हा विचारणारे होते, विचारण्याची जागा होती, फक्त उत्तर देणाऱ्याला उत्तर द्यायचं नव्हतं. त्याचा परिणाम असा झाला, की आज पंचाहत्तर वर्षांनंतरही ते प्रकरण निघालं की लोक संशयानंच बोलतात. त्यात खरोखर काय होतं, कुणाची चूक किती, हे उजेडात मांडून निकाली निघालंच नाही. ज्यांनी तो प्रश्न बंद केला त्यांनी आपल्याच माणसाचं काय भलं केलं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

दुसरी बाजू दोन वर्षांनी दिसली. आयुर्विमा महामंडळ नवंच होतं, १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झालेलं. तुमच्या-आमच्या आजोबांच्या पॉलिसीचे हप्ते त्यात. १९५७ च्या जूनमध्ये महामंडळानं हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले, आणि तेही आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता. संसदेत प्रश्न आला, पहिली उत्तरं गुळमुळीत मिळाली. १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. घरच्या माणसानं हिशेब विचारला तो असा.

चौकशीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला नेमले गेले. त्यांनी बंद दाराआड काम केलं नाही. मुंबईत खुली सुनावणी झाली. इतकी गर्दी, की आत जागा नाही म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले. अर्थसचिव काय म्हणाले, अर्थमंत्री काय म्हणाले, हे रस्त्यावर उभं राहून लोकांनी ऐकलं. महिन्याभरात, १९५८ च्या फेब्रुवारीत, अहवाल आला. छागलांनी म्हटलं, की सचिवानं केलं ते मला माहीत नव्हतं असं सांगून मंत्र्याला हात झटकता येणार नाहीत. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला.

ते अर्थमंत्री कोण होते? टी. टी. कृष्णमाचारी. सात वर्षांपूर्वी मुद्गलांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष.

याच्यावर कुणी हसेल. आम्हाला हसू येत नाही. ज्यानं दुसऱ्याला विचारलं, त्याच्यावरही विचारलं जायची वेळ येते, आणि ती यायलाच हवी. शिवाय पुढचं बघा. कृष्णमाचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. तेव्हाचे अर्थसचिव एच. एम. पटेल, ज्यांना या प्रकरणात नोकरी सोडावी लागली, ते १९७७ मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. उघड्यावर विचारलं गेलं, उघड्यावर उत्तर दिलं गेलं, शिक्षा झाली, आणि पुढचं आयुष्य उरलं. जीपचा डाग मात्र धुतलाच गेला नाही. आमच्या खजिनदारांना फोनवर हेच सांगायचं होतं, असं आता वाटतं.

आता दुर्गाबाईंकडे येऊ, आणि त्यांच्याबरोबर चिंतामणराव देशमुखांकडे. १९५३ च्या जानेवारीत दोघांचं लग्न झालं. चिंतामणराव कोकणातले, महाडजवळच्या नात्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते ५६ देशाचे अर्थमंत्री. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांच्याच हातचं. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं, हे मराठी माणसाला पाठ आहे. त्यानंतर त्यांनी मंत्र्यांच्या वर्तनाबद्दल जे म्हटलं, ते मात्र आपण विसरलो.

१९५९ मध्ये त्यांनी जाहीर मागणी केली, की उच्चपदस्थांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकायला एक निःपक्षपाती, उच्च दर्जाचं न्यायाधिकरण असावं. ते नेमलंत तर मी ठोस प्रकरणं पुढे ठेवतो. नेहरूंनी ते मानलं नाही. कालच मंत्रिमंडळात शेजारी बसलेला माणूस हे म्हणतोय, म्हणून कदाचित जास्तच टोचलं असेल. कल्पना मात्र मेली नाही. १९६० च्या दशकात लोकपाल हा शब्द आला, महाराष्ट्रानं १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला, आणि दिल्लीत लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं, पहिले लोकपाल नेमायला २०१९. चिंतामणराव तोवर कुठले असायला! शेवटची वर्षं त्यांनी याच शहरात काढली, आणि २ ऑक्टोबर १९८२ ला ते इथेच वारले. दुर्गाबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या.

म्हणजे मुद्गल समितीतली दोन माणसं आणि त्या वेळचे अर्थमंत्री, तिघंही या शहरातली. कोठीच्या गर्दीत उभं राहून हे आठवलं की बरं वाटतं. पण नुसतं बरं वाटून घेण्यासाठी आम्ही ते सांगत नाही.

कारण या शहराला हिशेब न विचारण्याची सवयही फार जुनी आहे. निजामाच्या काळात सर्फ-ए-खास नावाचा प्रकार होता. राज्याचा महसूल वेगळा आणि निजामाची खासगी जहागीर वेगळी. त्या जहागिरीतली गावंच्या गावं निजामाच्या खासगी खजिन्यात भरणा करायची. त्या पैशाचं काय झालं, हे रयतेनं विचारायची सोय नव्हती, रीत तर नव्हतीच. १९४९ मध्ये ती जहागीर राज्यात विलीन झाली. तीन वर्षांनी बाग-ए-आममधल्या टाऊन हॉलमध्ये विधानसभा भरली. खुर्चीवर काशिनाथराव वैद्य. समोर मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. विरोधी नेते व्ही. डी. देशपांडे, मराठी कम्युनिस्ट, पण निवडून आलेले तेलुगू मुलखातून. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू, ज्याला जी येईल ती भाषा. काल ज्या राज्यात खजिन्याकडे बोट दाखवायची छाती नव्हती, तिथे सरकार अर्थसंकल्प मांडतंय आणि एक देशपांडे त्याला हिशेब विचारतोय, आणि एक वैद्य दोघांनाही नियमात ठेवतोय. चार वर्षांत राज्यच विभागलं गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आपण इथे राहिलो. ती विधानसभा आठवणीतूनही गेली.

हिशेब सभागृहात विचारला गेला नाही तर तो रस्त्यावर विचारला जातो, हेही आपण इथेच पाहिलं. १९५६ मध्ये आंध्र आणि तेलंगण एकत्र आले ते या करारावर, की तेलंगणचा शिलकी पैसा तेलंगणवरच खर्च होईल. झाला की नाही, हे वर्षानुवर्षं नीट सांगितलं गेलं नाही. १९६९ उजाडलं. ज्यांची तेव्हा शाळा-कॉलेजं होती त्यांना आठवत असेल: बंद, गोळीबार, वाया गेलेलं वर्ष. शिल्लक किती हे मोजायला महालेखापरीक्षकांकडचे कुमार ललित बसले तेही तेव्हाच. त्यांनी काढलेला आकडा ३४ कोटींच्या आसपास होता. पुढे न्यायमूर्ती भार्गव यांच्या समितीनं तो खाली आणला. आकडा कुठला बरोबर, हा वाद आम्ही इथे घालणार नाही. पण दरसाल एक पान छापून, विचारलेल्याला उत्तर दिलं असतं, तर तो आकडा शोधायला तेरा वर्षांनी समिती बसवावी लागली नसती.

आता आजचं. अर्थसंकल्प मांडला की प्रत्येक खात्याची मागणी वेगळी येते आणि लोकसभेनं ती चर्चा करून मंजूर करायची असते. सगळ्यांना वेळ पुरत नाही, म्हणून १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. त्या मधल्या सुटीत मागण्या वाचतात. बाकी, चर्चेच्या शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ आली की उरलेल्या सगळ्या मागण्या एका मतात मंजूर होतात. त्याला संसदेत गिलोटिन म्हणतात, मुंडकं उडवायचं यंत्र. कधी उरल्यासुरल्या मागण्या त्याखाली जातात. २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्याच गेल्या, एकाही खात्यावर चर्चा न होता. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे. गोंधळ कुणी घातला, चर्चा कुणी टाळली, यावर दोन्ही बाजू तावातावानं बोलतील. आमचं म्हणणं एवढंच, की शेवटचं पान न वाचता उलटायची सवय फक्त आपल्याच मंडळाला आहे असं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या वेळेपेक्षा सोपी झाली आहे. आम्ही नोकरीत होतो तेव्हा लेखापरीक्षणाचा अहवाल म्हणजे कपाटातला जाड ग्रंथ. आज तो संसदेत किंवा विधानसभेत ठेवला गेला की घरबसल्या कुणालाही उघडता येतो, तेलंगणचाही आणि महाराष्ट्राचाही. आपल्या घरात आता इतकी मुलं संगणकावर बसून परदेशातल्या कंपन्यांचे हिशेब तपासतात. त्यांतल्या एकानं वर्षातून एक रविवार आपल्या राज्याच्या अहवालातलं एक प्रकरण वाचून इथे दहा मिनिटं सांगावं, अशी आमची विनंती आहे. पाककृतींची स्पर्धा थोडी उशिरा सुरू होईल. चालेल.

शेवटी दुरुस्ती निधीचं. त्या तरुणाला आम्ही जुलैत घरी जाऊन भेटलो. माफी मागितली, हे लिहायला लाज वाटत नाही. त्याच्या आईनं चकल्या दिल्या. तो मात्र जरा ताठच होता, आणि ते बरोबरच. आम्ही त्याला विचारलं, यंदापासून तू हिशेब तपासशील का? त्यानं दोन अटी घातल्या. एक, तो कार्यकारिणीत येणार नाही, कारण कार्यकारिणीतल्या माणसानं कार्यकारिणीचा हिशेब तपासू नये. दुसरी, सगळी पावती-पुस्तकं आणि व्हाउचरं सभेच्या आठ दिवस आधी त्याच्या हातात पडली पाहिजेत. दोन्ही अटी मान्य केल्या. खजिनदारांनी गेल्या मंगळवारी स्वतः जाऊन पत्र्याची पेटी त्याच्याकडे पोचवली, आणि पोच लिहून घेतली.

उत्सव संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला याच सभागृहात हिशेबवाचन आहे. छापलेली पुस्तकं किती आणि परत आलेली किती, हे पहिल्यांदा सांगितलं जाईल. ज्यांना प्रश्न लेखी द्यायचे असतील त्यांच्यासाठी प्रसादाच्या टेबलाशेजारी एक डबा ठेवला आहे. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. चहा आणि पोहे आमच्याकडून, आणि त्याचाही खर्च पुढच्या वर्षीच्या शेवटच्या पानावर येईल.

गणपती बाप्पा मोरया.